पेव कोण फोडतो, केव्हा फोडतो?



"अमुक कंपनीचा इश्यू साठ पट भरला आहे. म्हणजे कंपनी चांगलीच असणार. वडिलांच्या ग्रॅच्युइटीतले दीड-दोन लाख पुढच्या इश्यूत टाकावेत का?" कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या एका तरुण वाचकाचा हा प्रश्न. सातारच्या एका भगिनीने नेमके उलटे विचारले आहे. "इश्यू लागला म्हणून घरात पेढे वाटले. पण पहिल्याच दिवशी भाव खाली आला. आता कंपनी बुडाली असे समजायचे का?"

दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. इश्यू किती पट भरला आणि पहिल्या दिवशी शेअर कोणत्या भावाला उघडला, यावरून कंपनीची प्रकृती फारशी कळत नाही. कळते ती बाजाराची हवा. आणि ही हवा विकत घेणाऱ्याच्या आधी विकणाऱ्याला कळलेली असते. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी कष्टाचा पैसा पुष्कळ वाचेल.

आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे पुष्कळांनी पाहिली असतील. जमिनीत खोल खणलेली ही कोठारे. हळद भरून तोंड बंद केले की माल कीड न लागता वर्षानुवर्षे टिकतो. २००५ च्या महापुरात यातली बरीच पेवे निकामी झाली, पण त्यांच्यामागचे शहाणपण निकामी झालेले नाही. पेव कोण फोडतो? मालाचा मालक. केव्हा फोडतो? भाव आला की. घेणाऱ्याला गरज आहे म्हणून कोणी पेव फोडत नाही.

कंपनीचा पब्लिक इश्यू, ज्याला आता सगळे आयपीओ म्हणतात, त्याचेही तसेच आहे. कंपनीचा धंदा, त्यातली कमाई, त्यातल्या खाचाखोचा मालकाला ठाऊक असतात. आपला हिस्सा कधी विकायला काढायचा हे तोच ठरवतो. कर्जबाजारी शेतकऱ्याला भाव नसतानाही माल काढावा लागतो. कंपनीच्या मालकावर ती वेळ क्वचित येते. त्याला बहुधा थांबता येते. म्हणून बाजार तेजीत असला की इश्यूंचे पेव फुटते आणि मंदी आली की एकही तोंड उघडत नाही. इश्यूंकडे बघून बाजार कसा ओळखावा, याच्या काही खुणा आहेत. त्या एकेक पाहू.

पहिली खूण म्हणजे इश्यूंची संख्या. १९९२ पर्यंत नव्या शेअरचा भाव कंपनीला मनासारखा ठरवता येत नसे. दिल्लीचे सरकारी कार्यालय सूत्राप्रमाणे प्रीमियम ठरवून देई, आणि तो बहुधा कमीच असे. त्या काळात ज्याला इश्यू लागला त्याला बहुतेक वेळा फायदा झाला. "इश्यू म्हणजे फायदाच" हा समज घराघरात बसला तो तेव्हापासून. मे १९९२ मध्ये ते नियंत्रण उठले. भाव ठरवण्याचा अधिकार कंपन्यांकडे गेला, पण लोकांच्या मनातला समज मात्र जुनाच राहिला. मग काय झाले? १९९४-९५ आणि १९९५-९६ या दोन वर्षांत दरवर्षी हजारावर इश्यू आले. चौकाचौकात अर्ज वाटले जात होते. पुढे १९९७-९८ मध्ये हीच संख्या शंभराच्या आत आली. त्या लाटेत पैसे गोळा केलेल्या दोनशेहून अधिक कंपन्या नंतर सरकारदरबारी "गायब कंपन्या" म्हणून नोंदल्या गेल्या. पत्त्यावर ना कार्यालय, ना माणूस. लोकांकडे उरली ती शेअर सर्टिफिकेटे.

याची दुसरी बाजूही पाहावी. २०१३ साली बाजार इतका थंड होता की मुख्य बाजारात वर्षभरात अवघे तीन इश्यू आले: व्ही-मार्ट, रेप्को होम फायनान्स आणि जस्ट डायल. त्या वर्षी इश्यूची चर्चा कोणत्याही चहाच्या टपरीवर नव्हती. व्ही-मार्टचा भाव होता २१० रुपये आणि रेप्कोचा १७२ रुपये. पुढच्या चार-पाच वर्षांत हे दोन्ही शेअर त्या भावाच्या काही पटींवर गेले. जस्ट डायल ५३० वरून चढला आणि नंतर उतरलाही. तेव्हा थंड बाजारातला प्रत्येक माल चांगला, असे म्हणता येणार नाही. मात्र गिऱ्हाईक कमी असले की विकणाऱ्याला भाव जपून लावावा लागतो, हे खरे. याउलट २०२४ मध्ये मुख्य बाजारात ९० च्या आसपास इश्यू आले आणि त्यांनी दीड लाख कोटी रुपयांहून अधिक पैसा गोळा केला. पेव फुटले की आपण आनंदाने पिशवी घेऊन धावतो. खरे तर तेव्हाच थांबून विचारायचे असते की एवढे सगळे मालक एकदम विकायला का निघाले?

दुसरी खूण म्हणजे पैसा कोणाच्या हाती जातो. इश्यूत दोन प्रकार असतात. एकात कंपनी नवे शेअर काढते आणि पैसा कंपनीच्या तिजोरीत येतो. त्यातून यंत्रे येतात, कर्ज फिटते, कदाचित नवी नोकरभरती होते. दुसऱ्या प्रकारात जुने भागधारक आपल्याजवळचे शेअर विकून पैसा घरी नेतात. त्याला ऑफर फॉर सेल म्हणतात. यातून कंपनीला एक रुपयाही मिळत नाही. पुष्कळ इश्यूंत दोन्हींची भेळ असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमचा १८,३०० कोटींचा इश्यू आला. त्यातले १०,००० कोटी जुन्या भागधारकांनी विकलेल्या शेअरचे होते. भाव होता २,१५० रुपये. १८ नोव्हेंबरला शेअर बाजारात आला आणि त्याच दिवशी सुमारे २७ टक्के खाली बंद झाला. जुने भागधारक बाहेर पडतात यात बेकायदा काही नाही. पण दुकानदारच दुकान विकत असेल, तर आपण आत जाताना चार प्रश्न जास्त विचारावेत की नाही?

तिसरी खूण म्हणजे मालाची प्रत. तेजीच्या सुरुवातीला चांगल्या कंपन्या येतात. तेजी पिकली की काहीही खपते. ऑगस्ट २०२४ मध्ये छोट्या कंपन्यांच्या बाजारात दिल्लीच्या एका मोटारसायकल विक्रेत्या कंपनीचा इश्यू आला. दोन शोरूम, आठ कर्मचारी. तिला हवे होते १२ कोटी. मागणी आली सुमारे ४,८०० कोटींची! बरे, शेअर बाजारात उघडला तो ११७ रुपयांना, म्हणजे इश्यूच्याच भावाला. त्याच महिन्यात सेबीने छोट्या कंपन्यांच्या इश्यूंबाबत गुंतवणूकदारांना सावध केले. दोन शोरूमच्या दुकानासाठी चारशे पट रांग लागते, तेव्हा ती रांग दुकानाबद्दल काहीच सांगत नसते. लोकांच्या खिशातला पैसा किती उतावीळ झाला आहे, एवढेच सांगत असते.

आता "साठ पट भरला" याचा अर्थ पाहू. साठ पट म्हणजे साठ जणांना ती कंपनी आवडली, असे नव्हे. सेबीने एप्रिल २०२१ ते डिसेंबर २०२३ या काळातल्या १४४ इश्यूंचा अभ्यास केला. वैयक्तिक गुंतवणूकदारांनी मिळालेल्या शेअरपैकी, किमतीच्या हिशेबाने, निम्मे शेअर आठवड्याच्या आत विकून टाकले होते. म्हणजे रांगेतल्या निम्म्या मालाला खरे गिऱ्हाईकच नव्हते. त्यांना हळद खायची नव्हती, पुढच्या गिऱ्हाईकाला विकायची होती. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट आपल्या घरांसाठी जास्त मोलाची आहे. जिथे वीस टक्क्यांहून अधिक फायदा झाला, तिथे लोकांनी आठवड्यात दोन तृतीयांश माल विकला. जिथे तोटा झाला, तिथे पाव हिश्शाहूनही कमी विकला. फायद्याचे शेअर हातून गेले आणि तोट्याचे घरात राहिले. "भाव आला की विकू" म्हणत कितीतरी घरे अशी वर्षानुवर्षे बसून आहेत.

चौथी खूण म्हणजे पहिल्या दिवसाचा भाव. सप्टेंबर २०२४ मध्ये बजाज हाउसिंग फायनान्सचा इश्यू ७० रुपयांनी आला. मागणी तीन लाख कोटींहून अधिक. १६ सप्टेंबरला शेअर १५० ला उघडला आणि १६५ ला बंद झाला. ज्यांना इश्यू लागला त्यांचे दुप्पट झाले. पण ज्यांना लागला नाही आणि ज्यांनी हुरहूर वाटून त्या दिवशी १६५ ला घेतला, ते वर्षभराने तोट्यात होते. पुढच्याच महिन्यात ह्युंदाई मोटर इंडियाचा सुमारे २७,८७० कोटींचा इश्यू १,९६० रुपयांनी आला. तो सगळाच्या सगळा ऑफर फॉर सेल होता. छोट्या गुंतवणूकदारांसाठी राखलेला हिस्सा निम्माच भरला. २२ ऑक्टोबरला शेअर १,८२० च्या आसपास बंद झाला. लोक म्हणाले, फसला. वर्षाच्या आत तो शेअर इश्यूच्या भावावर गेला. कुपवाडच्या बंधूंनी ही जोडी लिहून ठेवावी. एकाची रांग मोठी होती, दुसऱ्याची अर्धी. आणि वर्षाने कोण कुठे असेल हे रांगेने सांगितले नाही.

पाचवी खूण म्हणजे माघार. जानेवारी २००८ मध्ये मुंबईचा निर्देशांक २१,००० च्या वर होता. १५ जानेवारीला रिलायन्स पॉवरचा इश्यू उघडला. भाव ४५० रुपये, छोट्या गुंतवणूकदारांना ४३०. कंपनीचा एकही वीज प्रकल्प तोवर सुरू झालेला नव्हता. तरी इश्यू सुमारे ७३ पट भरला. तो बंद होऊन तीन दिवस झाले नाहीत तोच २१ जानेवारीला निर्देशांक एका दिवसात १,४०८ अंशांनी कोसळला. ११ फेब्रुवारीला शेअर बाजारात आला आणि ३७२ रुपये ५० पैशांवर बंद झाला. त्याच फेब्रुवारीत वोक्हार्ट हॉस्पिटल्स आणि एम्मार एमजीएफ या दोन कंपन्यांनी भाव उतरवून आणि मुदत वाढवूनही शेवटी आपले इश्यू मागे घेतले. मालकांनी पेवाचे तोंड पुन्हा बंद केले. ज्यांनी ही खूण ओळखली ते सावध झाले असतील, कारण ऑक्टोबर २००८ मध्ये निर्देशांक ८,००० च्याही खाली गेला होता.

आता सातारच्या भगिनीचा प्रश्न. भाव खाली उघडला म्हणजे कंपनी बुडाली का? याचे उत्तर देण्यासाठी आयुर्विमा महामंडळाहून चांगले उदाहरण नाही, कारण त्याची पॉलिसी आपल्यातल्या कितीतरी घरांत आहे. मे २०२२ मध्ये सरकारने महामंडळातला आपला साडेतीन टक्के हिस्सा विकला. शेअरचा भाव ९४९ रुपये, पॉलिसीधारकांना ६० रुपये सूट, म्हणजे ८८९. "आपलेच महामंडळ" म्हणून पुष्कळांनी आयुष्यातला पहिला शेअर हाच घेतला. पण फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध सुरू झाले होते, जगभरचे बाजार धास्तावले होते. सरकारने आधी पाच टक्के विकायचे ठरवले होते, ते कमी करून साडेतीन केले. ही खूण सर्वांसमोर होती. १७ मे रोजी शेअर ८६७ ला उघडला आणि ८७५ च्या आसपास बंद झाला. सूट मिळालेल्या पॉलिसीधारकालाही पहिल्या दिवशी तोटा दिसला. महामंडळ बुडाले का? नाही. पॉलिसी धोक्यात आल्या का? मुळीच नाही. शेअरचा भाव वेगळा आणि विम्याचा करार वेगळा. संस्था चांगली असू शकते आणि तिच्या शेअरचा भाव त्या दिवसापुरता जास्त असू शकतो. या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत.

याच्या उलट "शेअर बाजारात नोंदलेली कंपनी म्हणजे सरकारमान्य, पक्की" असाही गैरसमज आहे. त्यासाठी आपल्या दोन जिल्ह्यांतल्या दोन बँका आठवाव्यात. सातारची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ सालची, शेअर बाजारात नोंदलेली. सप्टेंबर २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध लादले आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवीदारांच्या ठेवी वाचल्या. भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले आणि हिशेब संपला. ज्याने दहा रुपयांच्या दर्शनी भावाने घेऊन जपला होता त्याला ते परवडले. ज्याने २८ च्या वर घेतला होता त्याचे नुकसान झाले. सांगली बँक १९१६ सालची, शेअर बाजारात न नोंदलेली. ती एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. तिच्या भागधारकांना ९२५ शेअरमागे आयसीआयसीआयचे १०० शेअर मिळाले. नोंदणी होती म्हणून सातारची बँक वाचली नाही, आणि नोंदणी नव्हती म्हणून सांगलीच्या भागधारकांचे हात रिकामे राहिले नाहीत. नोंदणी म्हणजे रोज खरेदी-विक्री करण्याची सोय. सेबी कागदपत्रे तपासते, पण शेअर घ्या किंवा घेऊ नका असे सांगत नाही. प्रत्येक माहितीपत्रकात तसे स्पष्ट छापलेले असते.

कोणी म्हणेल, हा शेटजींचा विषय, आपल्याला काय करायचे? त्यांना एक इतिहास सांगावासा वाटतो. सातारच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव दाखल झाले, त्या बाबासाहेबांनी १९१७ मध्ये बडोद्याहून मुंबईस परतल्यावर शेअरच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा छोटा व्यवसाय काढला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस! पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि व्यवसाय बंद करावा लागला. १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. ज्या बाजाराने तेव्हा ज्ञान असूनही दार लावले, त्याच बाजाराने आज मोबाइलवर आपल्यासाठी दार सताड उघडे ठेवले आहे. आता कोणी जात विचारत नाही, कारण त्याला आपला पैसा हवा आहे. तेव्हा आत जायचे तर ज्ञान घेऊनच जावे.

हे ज्ञान अवघड नाही. माहितीपत्रक मोठे असते, पण चार पाने वाचली तरी चालतात. पैसा कशासाठी हवा आहे, त्यातला किती कंपनीकडे आणि किती जुन्या भागधारकांकडे जाणार, गेल्या तीन वर्षांत नफा की तोटा, आणि धोक्यांची यादी. इंग्रजी येत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्यावे; तिचाही अभ्यास होईल. ग्रे मार्केटचा भाव अमुक चालला आहे, असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. तो अनधिकृत बाजार आहे. तिथे फसगत झाली तर दाद मागायला जागा नाही. आणि "तुमच्या वतीने आम्ही इश्यू भरतो, महिन्याला ठरावीक टक्के देतो" असे सांगत कोणी विहारात किंवा वस्तीत आला, तर त्याला हात जोडून वाट दाखवावी.

आता घरातला हिशेब. ग्रॅच्युइटी, फंडाचा पैसा, मुलीच्या शिक्षणाची ठेव, बचत गटाचे कर्ज आणि गहाण टाकलेले दागिने यांतला एक रुपयाही इश्यूत जाता कामा नये. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत किंवा पोस्टात बाजूला ठेवल्यावर जे उरते, आणि पाच वर्षे लागणार नाही असे जे आहे, त्याचाच विचार करावा. अर्ज करताना पैसे बँकेतच अडकून राहतात आणि शेअर न लागल्यास मोकळे होतात, ही आता चांगली सोय आहे. पण ती सोय आहे म्हणून प्रत्येक इश्यूला अर्ज करायचा असे नव्हे.

आणि घाई कशाची? इश्यू तीन दिवसांत बंद होतो, पण शेअर त्यानंतर रोज बाजारात मिळतो. मोठ्या गुंतवणूकदारांना काही शेअर ठरावीक मुदतीपर्यंत विकता येत नाहीत. कोणाची मुदत एक महिन्याची, कोणाची तीन, तर कोणाची सहा महिन्यांची असते. या मुदती संपत जातात तसा अडवलेला माल बाजारात येऊ शकतो आणि खरा भाव कळू लागतो. कंपनी खरोखर चांगली असेल तर ती सहा महिन्यांनीही चांगलीच असेल. तोवर तिचे दोन तिमाही हिशेब छापून आलेले असतील आणि रांगही पांगलेली असेल.

म्हणून कुपवाडच्या बंधूंना सांगणे एवढेच: वडिलांची ग्रॅच्युइटी वडिलांच्या नावावर बँकेत किंवा पोस्टातच राहू द्या. ती त्यांच्या तीस-पस्तीस वर्षांच्या घामाची आहे. शिकायचेच असेल तर स्वतःच्या पगारातून, झेपेल तेवढ्यावर शिका. सातारच्या भगिनींनी पहिल्या दिवसाचा भाव विसरून कंपनीचे पुढचे दोन हिशेब पाहावेत आणि मग ठरवावे. पेव फोडायचे केव्हा हे मालक ठरवतो, ते आपल्या हाती नाही. पिशवी घेऊन जायचे की नाही, आणि गेलोच तर भाव विचारून जायचे की नाही, एवढे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.